संगणक दुरुस्त करणाऱ्याची कैफियत

तराजूचे पारडे घासू लागले किंवा तिजोरीचे कुलूप अडू लागले, तर व्यापारी माणसाला बिघाड नेमका सांगता येतो. किल्ली अर्धी फिरते आणि थांबते, पावसाळ्यात अधिक अडते, असा सारा तपशील त्याच्या जिभेवर असतो. त्याच पेढीवरचा संगणक बंद पडला की मात्र हाच चोखंदळ माणूस दूरध्वनीवर एकच वाक्य बोलतो : "कॉम्प्युटर चालत नाही, लगेच या." काय चालत नाही, केव्हापासून चालत नाही, पडद्यावर काही अक्षरे उमटली होती काय, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. संगणक दुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्यांचा खरा शीण यंत्रापेक्षा या एका वाक्याने वाढलेला असतो.

हा कारागीर आपल्या प्रत्येक बाजारपेठेत आहे. लहानसे दुकान, दुचाकी, पाठीवर अवजारांची पिशवी आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीतून मागवलेले सुटे भाग, एवढे त्याचे भांडवल. "सीपीयू जळाला" असा निरोप आला की गिऱ्हाईक संपूर्ण पेटीविषयी बोलत आहे, हे त्याला अनुभवाने कळते. खरा सीपीयू त्या पेटीच्या पोटात बसवलेला, काडेपेटीएवढाही नसलेला एक तुकडा असतो. "टॅली गेली" म्हणजे कधी इंटरनेट बंद असते, तर कधी झाडलोट करताना मागची वायर सैल झालेली असते. शब्दांची ही गफलत तो हसून सोडून देतो. न जाणण्याचा त्याला राग नसतो. त्याला छळते ते न सांगणे.

"शेठ, काल यात नवीन काही टाकले होते का?" असे तो विचारतो. "नाही हो, कोणी हातसुद्धा लावला नाही," असे उत्तर येते. दोन तास खपल्यावर आदल्या संध्याकाळी घातलेला एखादा फुकटचा खेळ यंत्रात सापडतो. नातवाला सर्वांसमक्ष बोलणी बसू नयेत म्हणून कारागीर गप्प राहतो. पण ते दोन तास कोणाच्या खाती मांडायचे? वैद्यापुढे पथ्य मोडल्याचे लपवणारा रोगी स्वतःचेच नुकसान करतो. येथे नुकसान दोघांचे होते.

पुढचा प्रसंग मोबदल्याचा. कारागिराने पेटी उघडली, स्मृतीची पट्टी काढून पुसली, पुन्हा बसवली आणि यंत्र सुरू झाले. त्याने पाचशे रुपये मागितले की लगेच ऐकावे लागते, "दादा, पाच मिनिटांच्या कामाचे पाचशे? नवीन तर काहीच घातले नाही!" नवा भाग बसवला असता तर हेच गिऱ्हाईक दोन हजार बिनतक्रार देते, कारण भाग डोळ्यांना दिसतो. वस्तुतः धान्याच्या बाजारात दाणा दाताखाली घेऊन त्यातील ओल सांगणारा जाणकार असतो. एक दाणा चावण्याला किती वेळ लागला, असे त्याला कोणी विचारीत नाही. त्याच्या सांगण्यावर गाडीचा भाव ठरतो. पट्टी पुसण्याचे मोल थोडेच आहे. पण बिघाड पट्टीतच आहे, पूर्ण मदरबोर्ड बदलण्याची गरज नाही, हे ओळखण्याचे मोल मोठे आहे. जो कारागीर पाच मिनिटांत काम उरकतो, त्याने गिऱ्हाइकाचे काही हजार वाचवलेले असतात. अशा वेळी घासाघीस करणारी पेढी नकळत त्याला शिकवते, की प्रामाणिक निदानापेक्षा अनावश्यक भाग बदलणे अधिक किफायतशीर आहे.

एकदा हात लावला की जन्माची जबाबदारी, ही आणखी एक तक्रार. मार्चमध्ये कळफलक बदलून दिला आणि जूनमध्ये छपाईयंत्र अडले, तरी "तुम्ही येऊन गेल्यापासूनच बिघडले" असे म्हटले जाते. त्यातून घाई वेगळीच. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि अनेक पेढ्यांची विवरणपत्रे तारखेला बांधली गेली. दरमहा विवरण भरणाऱ्यांना जीएसटीआर-३बी पुढील महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावयाचे असते. संगणक पंधरा दिवस कुरकुरत असतो. कारागिराला निरोप मात्र १९ तारखेच्या रात्री जातो. त्याच रात्री त्याला असे चार निरोप आलेले असतात.

तथापि हे सारे सोसण्याजोगे आहे. ज्यापुढे कारागीर खरोखर हतबल होतो तो प्रश्न वेगळा आहे : "आत जे आहे त्याची दुसरी प्रत आहे का?"

पूर्वी पेढीची चोपडी कोठे ठेवली आहे हे मालकाला झोपेतही सांगता येई. ती लाल कापडात बांधली जाई, दिवाळीला तिचे पूजन होई, आगीच्या वेळी गल्ल्याआधी ती बाहेर काढली जाई. आज रोजमेळ आणि खतावणी संगणकात गेली. उधारीचा सारा हिशेब तेथे आहे. पण ती वही यंत्रात नेमकी कोठे आहे, हे मालकाला ठाऊक नसते. "मी पेनड्राइव्हवर रोज घेतो," असे कोणी अभिमानाने सांगतो. उघडून पाहावे तर त्यात टॅलीचे केवळ चित्र असते. पडद्यावरचे ते चित्र म्हणजे मूळ कार्यक्रमाकडे बोट दाखवणारी खूण होय. तिची नक्कल करणे म्हणजे तिजोरीऐवजी तिजोरीच्या खोलीवरची पाटी उचलून नेण्यासारखे आहे. दुसरा म्हणतो, "डी ड्राइव्हमध्ये ठेवले आहे." पुष्कळदा सी आणि डी हे एकाच तबकडीचे दोन कप्पे असतात; तबकडी गेली की दोन्ही जातात.

ही तबकडी म्हणजे जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क. ती मिनिटाला बहुधा ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि तिच्या पृष्ठभागापासून केसाहूनही कमी अंतरावर वाचणारी सुई तरंगत असते. आतून टकटक आवाज येऊ लागला, तर यंत्र तत्काळ बंद करणे हाच उपाय असतो. गिऱ्हाईक मात्र आशेने दहा वेळा बंद-चालू करून पाहते आणि प्रत्येक खेपेला तबकडीवर नवा ओरखडा पडण्याची भीती वाढते. मग कारागिराला सांगावे लागते, की यंत्र नवे होईल, हिशेब परत येईलच असे नाही. त्या क्षणी समोरच्या माणसाचा चेहरा पाहणे हे या व्यवसायातील सर्वांत जड काम होय. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. अधिकाऱ्यापुढे "संगणक बिघडला होता" एवढे उत्तर पुरत नाही, आणि उधारी बुडवू पाहणाऱ्यापुढे तर मुळीच नाही.

कारागिरांचेही दोष आहेत. पुष्कळजण यंत्र नेताना पावती देत नाहीत, काढलेला जुना भाग परत करीत नाहीत, अगोदर अंदाज सांगत नाहीत आणि विचारले तर न कळणाऱ्या शब्दांत उत्तर देतात. १८७२ चा भारतीय करार कायदा या बाबतीत दोन्ही बाजूंना तोलून धरतो. दुरुस्तीसाठी सोपवलेल्या वस्तूची, सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तेवढी काळजी कारागिराने घ्यावी, असे कलम १५१ सांगते. त्याने कष्ट वा कौशल्य खर्चून काम ठरल्याप्रमाणे पुरे केले असेल, तर वेगळा करार नसल्यास योग्य मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू आपल्याकडे ठेवून घेण्याचा अधिकार कलम १७० त्याला देते. काम घेऊन मोबदला लांबवणे हे कायद्यालाही मान्य नाही.

उपाय अवघड नाहीत. संगणकाशेजारी एक वही ठेवावी. यंत्र अडले की तारीख, वेळ, त्या वेळी चाललेले काम आणि पडद्यावरचा मजकूर तीत लिहावा, किंवा मोबाइलवर त्याचे छायाचित्र घ्यावे. यंत्र देताना पावती घ्यावी व तीवर अंदाजित खर्च लिहून घ्यावा. तपासणीचे शुल्क वेगळे असते हे मान्य करावे. हिशेबाची प्रत रोज घ्यावी. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती डिस्क काम होताच काढून ठेवावी, आणि एक प्रत दुकानाबाहेर असावी. बँकांच्या शाखांत संगणक आले तेव्हा दिवसाचे काम बंद करताना प्रत घेणे हा कामाचाच भाग झाला. पेढीलाही तीच शिस्त शोभते. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी, कारण न उघडलेली प्रत ही न मोजलेल्या रोकडीसारखी असते.

संगणकाची विद्या प्रत्येक व्यापाऱ्याने शिकावी असे कोणी म्हणत नाही. पेढीवर मुनीम असताना शेठ स्वतः खतावणी लिहीत नसत. पण वही कोणत्या कपाटात आहे आणि किल्ली कोणाकडे आहे हे त्यांना ठाऊक असे. आजच्या वहीविषयी मालकाने एवढे जाणले, तरी उरलेले काम करण्यास कारागीर समर्थ आहे, आणि तो ते आनंदाने करील.