ज्याचा त्याचा मेंदू

मेंदूचा नकाशा म्हटला की शाळेच्या पुस्तकातली रंगीत आकृती डोळ्यांपुढे येते. ती आकृती कोणाच्या मेंदूची, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. १९८८ साली तालेराक आणि तूर्नू या दोघा फ्रेंच संशोधकांनी प्रसिद्ध केलेला नकाशा साठ वर्षांच्या एका बाईच्या मेंदूवरून, तोही तिच्या मृत्यूनंतर तपासून, बेतलेला होता. कितीतरी वर्षे जगभरचे मेंदू संशोधनात याच मापाने मोजले गेले. पुढे कॅनडातल्या माँट्रियलच्या संशोधकांनी १५२ जणांच्या स्कॅनची सरासरी काढून नवा नमुना केला. २०१९ मध्ये हैदराबादच्या ट्रिपल आयटीने १०० भारतीयांचा नकाशा तयार केला.

माप सुधारले, पण सदरा अजून तयारच घ्यावा लागतो. प्रत्येकाचा स्कॅन संगणकावर ताणून-दाबून नमुन्यात बसवायचा, ही रूढ पद्धत. तुलनेला ती सोयीची, हे खरे. पण मेंदूच्या वळ्या प्रत्येकाच्या निराळ्या. या ओढाताणीत एकाची वाचेची जागा दुसऱ्याच्या भलत्याच जागेवर पडते आणि सरासरीत दोन्ही पुसट होतात.

१९९७ मध्ये नॅन्सी कॅनविशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. चेहरे पाहताना जागा होणारा भाग त्यांनी प्रत्येकाच्या स्वतःच्याच मेंदूत शोधला. १५ पैकी १२ जणांत तो सापडला. आधी ज्याच्या त्याच्या मेंदूत जागा ठरवायची, तिथेच मोजायचे आणि मग आकडे एकत्र मांडायचे. मला हाच क्रम योग्य वाटतो.

बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला तो चटकन पटतो. शाखेची सरासरी शिल्लक वरिष्ठांच्या तक्त्यात शोभते. खिडकीशी उभ्या असलेल्या खातेदाराचा चेक वटेल की नाही, हे सांगायला मात्र त्याचेच खाते उघडावे लागते. मेंदूतली गाठ काढणाऱ्या सर्जनचेही तेच. गाठीमुळे आजूबाजूचा भाग सरकलेला असू शकतो. म्हणून तर काही शस्त्रक्रियांत रुग्णाला जागे ठेवून, बोलते ठेवून वाचेची जागा तपासतात.

सरासरी हवीच, पण तिची पाळी शेवटी. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या स्कॅनच्या अहवालात ‘वयाच्या मानाने’ असे शब्द दिसले, तर डॉक्टरांना नम्रपणे विचारावे : हे मान कोणाचे? आणि यांचा जुना स्कॅन शेजारी ठेवून पाहिला का?