कादंबरी आहे, मग चित्रपट कशाला?

‘कादंबरी छापलेली असता तिच्यावरून काढलेला मूकपट नष्ट झाला, तर हानी ती कोणती?’ असा प्रश्न पनवेलीस एका सुविद्य गृहस्थांनी आम्हांस केला. विषय होता १९२५ सालचा ‘सावकारी पाश’. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरास महाराष्ट्र फिल्म कंपनीत तो काढिला. तरुण शेतकऱ्याची भूमिका शांतारामबापूंची. (हे आपटे म्हणजे ‘पण लक्षात कोण घेतो’कार हरिभाऊ नव्हेत, हा घोटाळा जाणतेही करितात.)

जमीन सावकाराच्या घशात गेलेला शेतकरी शहरात येऊन गिरणीत मजूर होतो, एवढे कथानक शब्दांत सांगता येते हे आम्हांस मान्य आहे. परंतु अंधुक उजेडातील ती झोपडी व तेथे विव्हळणारे कुत्रे यांच्या आठवणी पाहणारांनी सांगून ठेविल्या आहेत. ती झोपडी कोणत्या पृष्ठावर शोधावी? पेंटरांनीच १९३६ साली त्या कथेचा बोलपट काढिला, तेव्हा शोक कशाला, असेही समाधान सांगण्यात येते. एका चित्रकाराने तोच विषय पुन्हा रंगविला म्हणून पहिले चित्र कोणी चुलीत घालतो काय?

निदान पनवेलकरांनी तरी असे बोलू नये. जवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांनी १८७९ साली बंड उभारले, तेव्हा लुटले ते सावकार. त्यांच्या दौलतराव नाइकांची धाड तर पनवेलीलगत पळस्प्यावर पडली. त्याआधी चार वर्षे पुणे व नगर जिल्ह्यांतील रयतेने कर्जखते जाळली होती. पौराणिक चमत्कारांच्या त्या दिवसांत हे दुःख पडद्यावर आणण्याचे धैर्य एका मराठी कलावंताने केले, आणि आपण त्याची फीत जपली नाही!

पुस्तकांसाठी आपण गावोगाव वाचनालये काढिली. फीत मात्र अडगळ ठरली. ती नायट्रेटची, ठिणगीने पेटणारी, न पेटल्यास डब्यातच भुकटी होणारी. तीतील चांदीसाठी जुन्या फिती विकून टाकण्याचीही चाल होती. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले ते १९६४ साली. तोवर मूकपटांपैकी बहुतेक गेलेच होते.

निघताना आम्ही त्या गृहस्थांस विचारिले, ‘ती कादंबरी आपल्या कपाटात असेलच?’ त्यांनी कपाटाकडे एकवार पाहिले व चहा सांगितला.