हरितगृहातील वनौषधी : इंधन, ऋतू आणि वैद्यांचा विवेक

युरोपात 2021 च्या शरद ऋतूपासून नैसर्गिक वायूचे भाव भडकले आणि फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर रशियाचे आक्रमण झाल्यावर ते कडाडले. वर्षानुवर्षे मेगावॉट-तासास 20 युरोच्या आसपास असणारा घाऊक भाव ऑगस्ट 2022 मध्ये 300 युरोंच्या पलीकडे गेला. सुमारे दहा हजार हेक्टर काचगृहे असलेल्या नेदरलँड्समध्ये आणि इंग्लंडच्या ली व्हॅलीत काही उत्पादकांनी हिवाळ्यात काचगृहे रिकामी ठेवणेच पत्करले. 2023 मध्ये भाव बरेच उतरले. परंतु त्या संकटाने विचारलेला प्रश्न मात्र उरला आहे. आमचे अनेक व्यवसायबंधू त्या देशांत स्थायिक असून ताज्या तुळशीसाठी हरितगृहाचा आश्रय घेतात; म्हणून हा विषय आम्हांस परका नाही.

खर्च वाढला की प्रथम सुचणारा उपाय म्हणजे तापमान उतरविणे. तो दिसतो तितका सरळ नाही. हरितगृहातून बाहेर जाणारी उष्णता ही आतील व बाहेरील तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असते. बाहेर 5 अंश आणि आत 20 अंश असता फरक 15 चा; आत 17 अंश ठेवल्यास तो 12 होतो, म्हणजे दररोज पंचमांश इंधन वाचते. परंतु थंडीत रोप सावकाश वाढते. चाळीस दिवसांत तयार होणाऱ्या रोपास पन्नास दिवस लागले, तर एकूण इंधन तेवढेच जळते. त्याहून अधिक लागले, तर तोटाच होतो. तुळस व तिच्याच कुळातील बेसिल या उष्णताप्रिय वनस्पतींच्या बाबतीत नेमके असेच घडते. तापमान 10 अंशांच्या आसपास गेले की बेसिलची पाने काळवंडतात. शिवाय थंड, कोंदट हवेत बुरशी बळावते आणि ज्या सुगंधी तेलासाठी ही वनस्पती आपण घेतो, तेही थंडीत कमी भरते.

याउलट कोथिंबीर, मेथी, पुदिना, पार्सली यांना थोडा गारवा मानवतो. कोथिंबीर व मेथी आपल्याकडेही रब्बीतच जोमाने येतात. अशा पिकांसाठी रात्री छताखाली उष्णतारोधक पडदा ओढावा, दिवसा सूर्याने आलेली ऊब साठू द्यावी, आणि प्रत्येक तासाच्या तापमानाऐवजी दिवसरात्रीच्या सरासरीकडे पाहावे. तेथील जाणत्या उत्पादकांची हीच रीत आहे. पडदा ओढल्यावर साठणारा दमटपणा मात्र वेळोवेळी बाहेर सोडावा लागतो.

मग हिवाळ्यात तुळस कोठून आणावी, असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर आपल्या शास्त्रात आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानात औषधी कोणत्या देशातील व कोणत्या ऋतूतील घ्यावी, याचा स्पष्ट विचार आहे : कोवळ्या फांद्या व पाने वर्षा-वसंतात, मुळे ग्रीष्म वा शिशिरात, साल, कंद व क्षीर शरदात. शार्ङ्गधरसंहितेनुसार वनस्पती एका वर्षानंतर गुणहीन होते, तर चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते. याचा व्यावहारिक अर्थ उघड आहे. युरोपातील उन्हाळ्यात काचेखाली इंधनाविना वाढलेली तुळस सावलीत वाळवून अखंड पानांच्या रूपात ठेवावी आणि चूर्ण लागेल तसतसे करावे. पुढील उन्हाळा येईपर्यंत ती पुरते. ताज्या स्वरसाची गरज असलेल्या मोजक्या रुग्णांसाठी काही कुंड्या घरातील उबदार, प्रकाशित खिडकीत ठेवल्या तरी भागते. त्यासाठी संपूर्ण काचगृह तापविण्याचे प्रयोजन नाही.

महाराष्ट्रात ऊब देण्याचा प्रश्न सहसा येत नाही. परंतु पॉलिहाऊसमध्ये ऐन ग्रीष्मात पंखे व ओले पॅड लावून थंडावा निर्माण करण्याचा मोह इकडेही आहे. तेथेही न्याय तोच. यंत्राने ऋतू बदलता येतो. पण त्याची किंमत बिलात मोजावी लागते आणि ती अखेर रुग्णाच्या माथी बसते.

म्हणून वनौषधींच्या लागवडीत गुंतलेल्या वा गुंतू पाहणाऱ्या सर्व वैद्यबंधू-भगिनींना आमची नम्र विनंती आहे की, तापमान किती ठेवावे हे ठरविण्यापूर्वी त्या काळी कोणती वनस्पती लावावी हे ठरवावे. देश व काल यांचा विचार हा ग्रंथातील केवळ पाठांतराचा भाग नसून इंधनाच्या हिशेबातही तोच आपल्या उपयोगी पडतो.