आकड्यामागची साधना

बारावीचा निकाल लागला की देवळाली प्रवरेसारख्या गावांतील अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. ‘नीट’मध्ये गुण कमी पडले, वैद्यकीय प्रवेश हुकला, आता पुढे काय? अशा वेळी कोणी आप्त सहज सुचवितो, “डीएमएलटी करून टाका, स्वतःची लॅब काढता येईल.” या एका वाक्यात दोन गैरसमज दडलेले आहेत. प्रयोगशाळेचे शास्त्र म्हणजे हुकलेल्या संधीनंतरची सोय, हा पहिला. आणि प्रमाणपत्र हाती आले की व्यवसाय उभा राहतो, हा दुसरा.

वास्तविक वैद्यांच्या औषधयोजनेचा मोठा आधार प्रयोगशाळेचा अहवाल असतो. रक्त हाताळताना तांबड्या पेशी फुटल्या, तर त्यांतील पोटॅशियम बाहेर पडून आकडा फुगतो. नमुना योग्य नळीत न घेता तासन्‌तास पडून राहिला, तर पेशी साखर वापरत राहतात आणि आकडा घसरतो. यंत्र कितीही महागडे असो, बिघडलेल्या नमुन्याचा खरा आकडा ते सांगू शकत नाही.

क्षुल्लक वाटणाऱ्या हलगर्जीपणाची किंमत किती मोठी असते, याचा दाखला महाराष्ट्राच्या इतिहासातच आहे. १९०२ साली मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत तयार झालेली प्लेगची लस पंजाबातील मुलकोवाल गावी टोचण्यात आली आणि एकाच बाटलीतील लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका परळवर आला, वाल्डेमार हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. पुढे उजेडात आले की, बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ मध्ये त्या संस्थेला त्यांचे नावही मिळाले. पण गेलेले जीव परत आले नाहीत.

म्हणूनच या क्षेत्राची तयारी प्रवेश अर्ज भरण्यापासून नव्हे, तर अकरावीच्या वर्गापासून सुरू व्हायला हवी. जीवशास्त्र तर हवेच; परंतु द्रावणाची संहती, आम्ल-अल्कता यांचे रसायनशास्त्र आणि द्रावणाने शोषलेल्या प्रकाशावरून पदार्थाचे प्रमाण ठरविणारे भौतिकशास्त्र यांवाचून प्रयोगशाळेचे पान हलत नाही. जीवशास्त्र घेणारे अनेक विद्यार्थी गणिताला रजा देतात, ही मोठी चूक होय. यंत्र विश्वासार्ह आहे की नाही, हे रोज ज्ञात मूल्याचा नमुना तपासून ठरवितात आणि त्यासाठी सरासरी व प्रमाण विचलन समजावे लागते.

याहून महत्त्वाची आहे ती प्रात्यक्षिकाची शिस्त. मित्राचे जर्नल उतरवून काढणे आणि अपेक्षित उत्तर आधी पाहून मग निरीक्षणे ‘जुळविणे’ ही आपल्याकडील जुनी खोड आहे. शाळेत तिने दोन गुण मिळतात. प्रयोगशाळेत तीच खोड रुग्णाच्या जिवावर बेतते. आलेला आकडा आला तसाच नोंदविण्याचे वळण लहान वयातच लागले पाहिजे.

कायद्याचे भानही आवश्यक आहे. पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत वैद्यकानेच अहवालावर स्वाक्षरी करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे केवळ पदविकेच्या बळावर स्वतंत्रपणे अहवाल देण्याचे स्वप्न दाखविणारा माणूस पालकांची दिशाभूल करतो. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने या तंत्रज्ञांना मानाचे स्थान दिले आणि त्याबरोबर नोंदणीचे बंधनही घातले. पदविकेसाठी किमान २,००० तास, तर पूर्ण आरोग्यसेवा व्यावसायिक ठरविणाऱ्या पदवीसाठी किमान ३,६०० तासांचे शिक्षण त्यात अपेक्षित आहे. दोन खोल्यांत काही महिन्यांत मिळणारे प्रमाणपत्र या कसोटीला उतरणार नाही.

या परिसराला शिक्षणाची वाण नाही. लोणीला १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. प्रवेशापूर्वी पालकांनी शुल्काबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात : अभ्यासक्रमाला मान्यता कोणाची, तो चालत्या रुग्णालयाशी जोडलेला आहे काय आणि विद्यार्थ्याच्या हाती प्रत्यक्ष नमुने किती येतात? समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत पैसे भरू नयेत. सूक्ष्मदर्शकापुढे बसणाऱ्या तंत्रज्ञाला रुग्ण बहुधा ओळखतही नाही. तरीही त्याच्यावर विश्वास टाकतो. आपल्या गावातील मुलामुलींनी त्या विश्वासाला पात्र व्हावे, अशी तयारी घराने आणि शाळेने करून द्यावी.