स्नॉर्केल : मास्कवर की खिशात?

स्कूबा डायव्हिंग करणाऱ्याने स्नॉर्केलची नळी मास्कला लावूनच पाण्यात उतरावे काय, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. परंतु तो श्वासाशी निगडित असल्याने आपण डॉक्टरांनी त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

पाण्याखाली ही नळी निरुपयोगीच असते. दर १० मीटर खोलीमागे एका वातावरणाइतका दाब वाढतो; त्यामुळे अर्ध्या मीटरखालीही छातीच्या स्नायूंना नळीतून हवा ओढून घेणे जवळजवळ अशक्य होते. उलट प्रवाहात ती मास्क खेचते, दोरात वा जाळ्यात अडकते. गोव्यातील ग्रँड आयलंडजवळच्या बुडीत जहाजांच्या अवशेषांत हा धोका अधिकच.

तिचे खरे काम पृष्ठभागावर. सिलिंडरमधील हवा संपत आलेली, होडी दूर. अशा वेळी चेहरा पाण्यात ठेवून श्वास घेता येतो आणि शक्ती वाचते. म्हणून नळी नाकारणेही योग्य नव्हे. घडी होणारी नळी खिशात बाळगावी. किनाऱ्यापासून बरेच अंतर पोहून जायचे असेल तेव्हाच ती मास्कला लावावी, असे माझे मत आहे.

मुलांच्या बाबतीत मात्र अधिक दक्षता हवी. मोठ्या प्रशिक्षण संस्था १० वर्षांच्या मुलांनाही प्रवेश देतात. ३० किलो वजनाच्या मुलाच्या श्वसनमार्गातील डेड स्पेस सुमारे ६० मिलिलिटर. प्रौढांच्या नळीत मात्र १०० मिलिलिटरहून अधिक हवा मावते. परिणामी उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड पुन्हा आत जातो आणि मूल लवकर थकते. तेव्हा मुलांसाठी त्यांच्या मापाचीच नळी घ्यावी, हे पालकांना सांगणे आपले कर्तव्य होय.