भागीदारी कागदावर की दुकानात?

चोर्ला घाट ओलांडला की कणकुंबीनंतर जांबोटी येते. भाषा तीच, सोयरीकही तीच. विवाहानंतरच्या मिळकतीचा कायदा मात्र बदलतो. नवरा-बायको वा बाप-लेक यांच्या भागीदारी पेढीकडे प्राप्तिकर खाते संशयाने पाहते, तेव्हा हा फरक महत्त्वाचा ठरतो.

संशयाला इतिहास आहे. एकाची मिळकत अनेक नावांवर विभागून कर वाचविणे ही जुनी युक्ती. म्हणून पती-पत्नी एकाच पेढीत भागीदार असल्यास पत्नीचा वाटा पतीच्या उत्पन्नात मिळविण्याची तरतूद कलम ६४ मध्ये होती. १९९२च्या वित्त अधिनियमाने चित्र पालटले. आता नफ्यावर पेढीच सरसकट ३० टक्के कर भरते, अधिभार व उपकर वेगळे. भागीदाराच्या हाती आलेला नफ्याचा वाटा करमुक्त असतो. वाद उरतो तो मुख्यतः व्याज आणि मेहनतान्याचा. व्याजाला १२ टक्क्यांची मर्यादा आहे आणि मेहनताना प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागीदारालाच देता येतो. कलम ४०(ब)च्या सध्याच्या सूत्रानुसार १० लाखांच्या हिशेबी नफ्यावर सर्व भागीदारांना मिळून ७ लाख ८० हजारांपर्यंतच मेहनताना वजावटीस पात्र ठरतो. नावे वाढविल्याने हा आकडा वाढत नाही. तो अधिक जणांच्या करटप्प्यांत विभागला जातो, एवढाच लाभ.

जांबोटीतील दुकानदाराने पत्नीला भागीदार करून घेतले, तर हा लाभ मिळू शकतो. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेचा सामाईक मालमत्तेचा नियम ज्या दाम्पत्याला लागू आहे, त्याच्याबाबत कलम ५ए पगाराखेरीज इतर उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे वाटते. १९९४ साली आलेले हे कलम १ एप्रिल १९६३पासून लागू मानले गेले. भागीदाराचा मेहनताना कायद्याच्या दृष्टीने पगार नसून व्यवसायाचे उत्पन्न असल्याने त्याचीही वाटणी होते. मग अशा गोमंतकीय जोडप्याने केवळ आपसांत उत्पन्न विभागण्यासाठी बनावट भागीदारी रचावी कशाला? तरीही दोहोंना एकाच तराजूत तोलणारी नोटीस निघाली, तर ती आळशी तर्काची साक्ष मानावी लागेल. मुलगा वा सून भागीदार असेल, तर मात्र घाटाच्या दोन्ही बाजूंना प्रश्न एकच राहतो.

त्याचे उत्तर नात्यात शोधू नये. चंद्रकांत मणिलाल शहा प्रकरणात एकत्र कुटुंबाच्या धंद्यात मुलाने भांडवल न घालता केवळ श्रम व कौशल्याच्या बळावर भागीदारी स्वीकारली होती. प्राप्तिकर अधिकाऱ्याने ती अमान्य केली. सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्ये ती ग्राह्य ठरविली. म्हणजे पैसा नसणे हा बनावटपणाचा पुरावा नव्हे. उलट, भागीदारी कायद्याचे कलम ५ सांगते की भागीदारी करारातून जन्मते, कुटुंबातील स्थानातून नव्हे. घरचा माणूस गल्ल्यावर बसतो एवढ्यावर तो भागीदार ठरत नाही.

करारपत्र लेखी हवे, त्यात वाटे स्पष्ट हवेत. पण खरी परीक्षा दुकानात होते. मालाची मागणी कोण नोंदवतो, उधारी कोण वसूल करतो, सुनेच्या खात्यात गेलेली रक्कम तिच्या इच्छेने खर्च होते की दुसऱ्याच दिवशी सासऱ्याकडे परतते? १ एप्रिल २०२५पासून भागीदाराला वर्षात २० हजारांहून अधिक मेहनताना वा व्याज दिल्यास पेढीला १० टक्के करकपात करावी लागते. त्यामुळे सुनेच्या नावे दाखविलेली रक्कम आता तिच्या पॅन क्रमांकावर थेट खात्याच्या नोंदीत उमटते. तिला मात्र ती ठाऊक असतेच असे नाही.