वसतिगृहाचा पाया

महाविद्यालयाच्या नव्या वसतिगृहाचे चित्र पाहून कोणासही आनंदच होईल. आमचा प्रश्न मात्र जमिनीखालचा आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि उथळ पायावरील भिंतींना तडे पाडते. तेव्हा आधी मातीची परीक्षा, मगच नकाशा! १९६७ चा कोयनेचा आणि १९९३ चा किल्लारीचा, हे दोन्ही भूकंप पहाटे, माणसे झोपेत असतानाच झाले. खांबातील सळयांभोवतीच्या कड्यांची टोके १३५ अंशांत आत वळविलेली हवीत. काँक्रीट पडल्यावर ती कोणास दिसत नाहीत. म्हणून तपासणी त्याआधीच झाली पाहिजे. आईबाप विश्वासाने मुले परगावी धाडतात. कोनशिलेवरील नावांपेक्षा त्या मुलांची निर्धास्त झोप मोलाची आहे, हे चालकांनी विसरू नये.